लेक्चर देणारा प्रत्येक जण जुनाट असतो का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात विद्यापीठातल्या शिकवण्यावर, म्हणजे शिक्षककेंद्री बरं की विद्यार्थीकेंद्री बरं या जुन्याच भांडणावर लिहिलं होतं, त्यावर पत्रांचा ढीग पडलाय. बहुतेक पत्रं शिक्षकांना शिकवणाऱ्यांची, टीचर एज्युकेटर मंडळींची आहेत, त्यातल्या काहींनी दोन-तीन देशांत काम केलंय, आणि ‘विद्यार्थीकेंद्री’ म्हणून कोण काय काय करतं ते वाचून मजाही वाटली आणि थोडी काळजीही. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत.

प्रश्न : मॅडम, मी विद्यापीठात शिकवणाऱ्यांना ट्रेनिंग देते. आमच्याकडे वर्ग-निरीक्षणाचा फॉर्म आहे, त्यात शिक्षक किती मिनिटं बोलला आणि विद्यार्थी किती मिनिटं बोलले ते लिहायचं, विद्यार्थ्यांची मिनिटं जास्त भरली की तास विद्यार्थीकेंद्री. मला हे पटत नाही, पण नेमकं काय चुकतंय ते मीटिंगमध्ये मांडता येत नाही. (एक प्रशिक्षिका)

तुमचा फॉर्म फक्त आवाज मोजतो, तिथे चुकतंय. कोण बोलतंय हे मागच्या बाकावर बसूनही कळतं, घड्याळ लावून मोजता येतं, म्हणून सगळ्या फॉर्ममध्ये तेच येऊन बसतं. पण ज्यांच्या अभ्यासातून हे दोन शब्द विद्यापीठांत रुजले त्यांनी मिनिटं मोजलीच नव्हती. ऑस्ट्रेलियात कीथ ट्रिगवेल, मायकेल प्रॉसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिक आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या २४ प्राध्यापकांच्या मुलाखती घेतल्या, १९९४ साली ते काम छापून आलं, आणि त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढून बघितल्या, वर्गात तुम्ही करता काय आणि ते कशासाठी करता. एका टोकाच्या शिक्षकाचं लक्ष स्वतःवर असतं, माझा सिलॅबस, माझ्या नोट्स, मला एवढं पोचवायचंय. दुसऱ्या टोकाच्या शिक्षकाचं लक्ष असतं विद्यार्थ्याच्या डोक्यात या विषयाची आत्ता काय समजूत आहे त्यावर, आणि ती बदलायची असते. पुढे त्यातूनच शिक्षकाने स्वतःबद्दल भरायची त्यांची प्रश्नावली तयार झाली, ती आज कितीतरी देशांत भाषांतर करून वापरतात. १९९७ मध्ये डेव्हिड केंबर यांनी तोवरचे असे बरेच अभ्यास एकत्र मांडून बघितले तर तिथेही हीच दोन टोकं निघाली, मध्ये पायऱ्या.

आता दोन तास डोळ्यासमोर आणा. पहिल्यात सहा-सहा जणांचे ग्रुप केलेत, प्रत्येकाला धड्यातला एकेक मुद्दा वाटून दिलाय, मुलं मोबाइल उघडून तो मुद्दा कागदावर उतरवतात, मग एकेक जण पुढे येऊन वाचतो, सर मान हलवत यादीवर टिक करतात, सुटलेलं शेवटी स्वतः सांगतात. खूप आवाज, खुर्च्या फिरवलेल्या, फोटो छान येतात. तुमच्या फॉर्मवर हा तास पहिला येणार. दुसऱ्या तासात बाई एकट्याच बोलतायत, पण सुरुवातीला त्यांनी फळ्यावर लिहिलंय, भरलेला ट्रक आणि छोटी कार समोरासमोर धडकले तर कोणी कोणावर जास्त बल लावलं, आणि प्रत्येकाला आपलं उत्तर वहीत लिहायला लावलंय. बहुतेकांनी लिहिलं ट्रकने. न्यूटनचा तिसरा नियम पाठ असलेल्यांनीसुद्धा तेच लिहिलं. पुढचा सगळा वेळ बाई या चुकीच्या उत्तराच्या मागे लागतात, बल सारखंच असेल तर नुकसान कारचंच जास्त का होतं, मग वस्तुमान मध्ये येतं, त्वरण येतं, आणि शेवटी मुलं आपलंच वहीतलं उत्तर खोडून परत लिहितात, का खोडलं तेही लिहितात. तोंड एकट्या बाईंचं चाललं होतं, तरी माझ्या मते दुसरा तास जास्त विद्यार्थीकेंद्री आहे, कारण तो सगळा मुलांच्या समजुतीवर उभा आहे.

मीटिंगमध्ये हेच दोन तास सांगा, आणि मिनिटांच्या रकान्याऐवजी दुसरा रकाना सुचवा, दर दहा मिनिटांनी एकच नोंद, आत्ता विद्यार्थ्याला डोक्याने काय करावं लागतंय : नुसतं ऐकणं, उतरवणं, आठवणं, निवडणं, कारण देणं, आधीचं दुरुस्त करणं. भरायला कटकट आहे, सुरुवातीला दोन निरीक्षकांची नोंद जुळणार नाही, आणि ती का जुळली नाही यावर जी चर्चा होईल ती फॉर्मपेक्षा जास्त कामाची ठरेल.

आणि हो, प्रश्नावल्यांवरही सगळा भार टाकू नका. केन, सँड्रेटो आणि हीथ या तिघांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की प्राध्यापकांच्या शिकवण्याबद्दलचे पुष्कळ अभ्यास प्राध्यापक स्वतःबद्दल काय म्हणतात एवढ्यावरच थांबतात, वर्गात जाऊन कोणी बघत नाही. म्हणजे अर्धीच गोष्ट कळते. ‘मी विद्यार्थ्यांना विचार करायला लावतो’ यावर टिक करायला कोणाचं काय जातंय.

प्रश्न : माझ्या वर्गात बऱ्याच देशांची मुलं आहेत. पूर्व आशियातून आलेली मुलं तोंड उघडत नाहीत. सहकारी म्हणतो त्यांची संस्कृतीच शिक्षककेंद्री आहे, पाठांतरावर वाढलेत, त्यांच्याकडून फार अपेक्षा नको. खरंच असं असतं का?

तुमच्या सहकाऱ्यासारखं पश्चिमेतल्या पुष्कळ प्राध्यापकांना वाटायचं, आणि मग त्यांना एक कोडं पडलं, की ही मुलं जर नुसती घोकंपट्टी करतात तर परीक्षांत एवढं चांगलं कसं काय करतात, आणि वरवरचा अभ्यास की खोलवरचा हे तपासणाऱ्या प्रश्नावल्यांवरही खोलवरच्या बाजूला कशी येतात. हाँगकाँगमध्ये काम करणारे डेव्हिड वॉटकिन्स आणि जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये चिनी विद्यार्थ्यांवरचे अभ्यास एकत्र करून पुस्तक काढलं ते याच कोड्यावर. त्यातला आपल्या विषयाशी थेट जोडलेला भाग फेरेन्स मार्टन आणि सहकाऱ्यांचा आहे, त्यांनी मुलाखती घेतल्या त्या चीनमधल्या शिक्षक-प्रशिक्षकांच्याच! आणि त्या मंडळींनी काय सांगितलं, तर पाठांतर दोन प्रकारचं असतं, एक नुसतं यांत्रिक, आणि दुसरं समजून घेण्यासाठी केलेलं किंवा समजलेलं पक्कं करण्यासाठी केलेलं. तोच मजकूर परत परत वाचायचा, दर वेळी वेगळ्या बाजूने, आणि वाचता वाचता अर्थ उघडत जातो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. ज्याला पाठ करणं आणि समजणं हे एकमेकांचे शत्रू असंच शिकवलंय त्याला हा फरक दिसणारच नाही.

गप्प बसण्याचंही तसंच. मार्टिन कोर्टाझी आणि लिशिएन जिन यांनी चिनी आणि ब्रिटिश वर्गांची तुलना केली त्यात असं दिसलं की एकीकडे प्रश्न विचारणं हा समजून घेण्याचा रस्ता मानतात, दुसरीकडे आधी समजून घ्यायचं, आपलं आपण झगडायचं आणि मग विचारायचं, तास संपल्यावर, एकेकट्याने येऊन. अर्धवट प्रश्न मध्येच विचारून सगळ्यांचा वेळ घ्यायचा नाही. म्हणजे तुमच्या वर्गातलं मूल गप्प असेल तेव्हा ते काही करत नाहीये असं समजू नका. शिवाय परक्या भाषेत बोलायचं असतं हे आपण नेहमी विसरतो, वाक्य मनात जुळेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते.

संस्कृतीच शिक्षककेंद्री हे म्हणणं मला तर आळसाचं वाटतं. कन्फ्यूशियसच्या वचनांतच आहे की जो जाणून घ्यायला तळमळत नाही त्याला मी उलगडून सांगत नाही, आणि एक कोपरा दाखवल्यावर उरलेले तीन जो शोधून आणत नाही त्याला परत सांगत नाही, आता याला शिक्षककेंद्री म्हणायचं तर कसं म्हणायचं? डॅनिएल प्रॅट आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हाँगकाँगमधल्या शिक्षणाबद्दल लिहिलं त्यातही हाच मुद्दा होता, की तिथे चांगला शिक्षक म्हणजे ज्याला विषय पक्का येतो, जो पायरी पायरीने नेतो आणि विद्यार्थ्याची काळजी घरच्या मोठ्या माणसासारखी घेतो, आणि पाश्चात्त्य मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये यातल्या कितीतरी गोष्टींना रकानाच नसतो. धाक आणि माया एकाच माणसात असू शकतात हे त्या फॉर्मला माहीतच नाही.

हल्ली अशा चर्चांत डच संशोधक हॉफस्टेडचा ‘पॉवर डिस्टन्स’चा, म्हणजे वरच्या-खालच्यांतली सत्तेची दरी लोक किती मानतात त्याचा, देशवार आकडा काढून दाखवायची फॅशन आहे, अमुक देशाचा जास्त म्हणून तिथली मुलं शिक्षकाला दबून असतात. त्या आकड्यांचा पाया १९७० च्या आसपास आयबीएम कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी भरलेले फॉर्म आहेत, १९८० मध्ये पुस्तक आलं. देशादेशांची सरासरी म्हणून बघायला ठीक. पण एका कंपनीतल्या नोकरदारांच्या सरासरीवरून आज तुमच्यासमोर बसलेली एकोणीस वर्षांची मुलगी का बोलत नाही ते ठरवायचं म्हणजे फारच झालं.

काय करायचं विचाराल तर प्रश्न आदल्या दिवशी द्या, वर्गात आधी दोन मिनिटं लिहू द्या, मग शेजाऱ्याशी बोलू द्या, मग सगळ्यांसमोर. आणि तास संपल्यावर दहा मिनिटं वर्गातच थांबा, लगेच बॅग उचलून निघू नका. खरे प्रश्न तेव्हा येतात.

प्रश्न : आमच्याकडे वरून आदेश आलाय की सगळं शिकवणं विद्यार्थीकेंद्री करा. जुने प्राध्यापक म्हणतात हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्या मातीत चालणार नाही. मी ट्रेनिंग विभागाचा प्रमुख, मला दोन्हीकडून मार बसतोय. त्यांचं म्हणणं बरोबर आहे का? (दोन्हीकडून अडकलेला एक जण)

निम्मं बरोबर आहे.

बरोबर असलेलं निम्मं आधी. बोट्स्वानाचे रिचर्ड तबुलावा यांनी २००३ मध्ये सरळ लिहिलं की परदेशी मदत देणाऱ्या संस्था गरीब देशांत ही पद्धत ढकलतात ती फक्त शिकणं चांगलं व्हावं म्हणून नाही, तिच्यासोबत एक राजकीय आणि आर्थिक विचारही येतो, व्यक्तीवादी, बाजाराला मानणारा, पण वरून ती एक साधी निरुपद्रवी ‘पद्धत’ म्हणून येते. मिशेल श्वाइसफर्थ यांनी २०११ मध्ये विकसनशील देशांतले ७२ लेख तपासले, त्यात या पद्धतीच्या अंमलबजावणीच्या लहानमोठ्या अपयशांच्याच कहाण्या भरल्या होत्या, आणि कारणं आपल्याला पाठ आहेत ती, वर्ग तुडुंब, साहित्य नाही, शिक्षकाला तयार व्हायला वेळ दिला नाही, परीक्षा जुनीच ठेवली, आणि बदल वरून एकदम आला. शिक्षकांनी ऐकलं नाही म्हणून फसलं असं अहवालात लिहिणं सोपं असतं. अर्थात हे बरंचसं शाळांबद्दलचं आहे, विद्यापीठाला जसंच्या तसं लावू नका, पण वाचताना ओळखीचं वाटतं खरं.

आता चुकीचं निम्मं. पाश्चात्त्य विद्यापीठं पहिल्यापासून विद्यार्थीकेंद्री आहेत हा समज तुमच्या जुन्या प्राध्यापकांचाही आहे आणि आदेश काढणाऱ्यांचाही, आणि दोघांचाही चुकलाय. तिथेही हे अलीकडचंच आहे आणि अपुरं आहे. कॅनडाच्या मॅकमास्टरमध्ये १९६९ साली वैद्यकीय शिक्षण रुग्णाच्या प्रश्नावरून शिकायच्या पद्धतीने सुरू झालं, नेदरलँड्सचं मास्ट्रिख्ट आणि डेन्मार्कचं आल्बोर्ग सत्तरच्या दशकात आलं, पण ही सगळी नवी विद्यापीठं किंवा नवे विभाग होते, जुन्यांनी आपलं लेक्चर चालूच ठेवलं. युरोपातल्या देशांनी आपलं उच्च शिक्षण एकमेकांशी जुळवून घेण्याची बोलोन्या प्रक्रिया सुरू केली १९९९ मध्ये, आणि विद्यार्थीकेंद्री शिक्षणाचा ठळक उल्लेख त्यांच्या मंत्र्यांच्या २००९ च्या जाहीरनाम्यात आला, गुणवत्तेच्या मानकांत २०१५ मध्ये. म्हणजे त्यांनाही ढकलावं लागलं आणि त्यांच्याकडेही प्राध्यापक कुरकुरलेच. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात उत्तर अमेरिकेतल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या दोन हजारांवर तासांची प्रत्यक्ष पाहणी छापून आली, त्यातले ५५ टक्के तास चक्क जुन्या पद्धतीच्या लेक्चरचे होते. आणि घोकंपट्टीच्या शिक्षणाला बँकेत पैसे भरल्यासारखं शिक्षण म्हणून सगळ्यात जोरात झोडपणारा पाउलो फ्रेरे ब्राझीलचा होता, मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवता शिकवता त्याचे विचार घडले. ‘पाश्चात्त्य खूळ’ म्हणून सगळंच झटकून टाकता येत नाही.

जपानचं उदाहरण बघा, तिथल्या केंद्रीय शिक्षण परिषदेने २०१२ मध्ये विद्यापीठांसाठी ‘अॅक्टिव्ह लर्निंग’चा आग्रह धरला, म्हणजे आदेश पूर्वेतही निघतात. आदेश कुठून आला यावर भांडण्यापेक्षा मी तुमच्या जागी असते तर जुन्या प्राध्यापकांना बोलवून विचारलं असतं की तुमच्या विषयात मुलं वर्षानुवर्षं कुठे अडकतात ते सांगा. त्यांना हे कोणत्याही ट्रेनरपेक्षा जास्त माहीत असतं. त्या अडकण्याच्या जागा घेऊन तास बांधायला लागा, त्याला विद्यार्थीकेंद्री म्हणायचीही गरज नाही, वरच्या रिपोर्टमध्ये काय नाव द्यायचं ते तुम्ही बघून घ्या.

प्रश्न : मी विद्यार्थी आहे, शिक्षक नाही, तरी विचारतो. आमच्याकडे विद्यार्थीकेंद्री म्हणजे आम्हीच टॉपिक वाटून घ्यायचे, आम्हीच पीपीटी करायची, सर मागे बसतात. मला सरांकडून शिकायचंय, त्यांना कितीतरी जास्त येतं. मी आळशी आहे का?

नाही हो, अजिबात नाही. तुम्ही जे सांगताय त्यात शिक्षक नुसता बाजूला झालाय, केंद्र वगैरे काही बदललेलं नाही. नवशिक्याला मार्गदर्शनाशिवाय मोकळं सोडलं की तो फार कमी शिकतो हे किर्श्नर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये बऱ्याच आक्रमकपणे मांडलं, त्यावर वादही झाले, पण नवशिक्याला सोडवून दाखवलेली उदाहरणं लागतात, पायऱ्या लागतात, हे मला तरी पटतं. माहितगार माणूस समोर असताना त्याने गप्प बसायचं यात कसलं आधुनिक शिक्षण!

पण एक सांगते, थोडं टोचेल. हार्वर्डमध्ये २०१९ चा एक प्रयोग आहे, भौतिकशास्त्राच्या मुलांना एका तासाला सफाईदार लेक्चर आणि दुसऱ्या तासाला स्वतः झगडून, ग्रुपमध्ये प्रश्न सोडवणं, मजकूर तोच. लेक्चरच्या तासाला मुलांना वाटलं आपण जास्त शिकलो, आणि चाचणीत निघालं उलटं, झगडलेल्या तासाला जास्त शिकले होते. छान वाहतं लेक्चर ऐकलं की सगळं समजल्यासारखं वाटतं. २०१४ मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान-गणित-इंजिनिअरिंगचे २२५ अभ्यास एकत्र केले तेव्हाही नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास व्हायची शक्यता दीडपट निघाली होती. तेव्हा सरांनी पुढे यावं हे मागाच, पण त्यांनी पुढे येऊन तुम्हाला अवघड प्रश्न घातले तर कुरकुर करू नका. सरांना विनंती करून बघा, आमची पीपीटी झाली की त्यात काय चुकलं, काय राहिलं त्यावर वीस मिनिटं तुम्ही बोला. बहुतेक शिक्षकांना हे आवडतं, कोणी मागत नाही म्हणून ते मागे बसतात.

प्रश्न : वर्गात दोनशेच्या वर मुलं, बाकं जमिनीला ठोकलेली. ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं काहीच जमत नाही. काय करू?

एरिक मझूर यांचं करून बघा. हेही हार्वर्डचेच, भौतिकशास्त्राचे, लेक्चर उत्तम द्यायचे, मुलंही खूश असायची. मग १९९० च्या सुमारास त्यांनी मुलांना बलाच्या मूलभूत कल्पनांवरची एक साधी चाचणी दिली, वर सांगितलेल्या ट्रक-कारसारखे प्रश्न, तर एका मुलीने विचारलं, सर याची उत्तरं तुम्ही शिकवलं तसं लिहू की मी एरवी विचार करते तसं? त्यानंतर त्यांनी १९९१ पासून शिकवण्याची पद्धतच बदलली.

करायचं असं. दहा-पंधरा मिनिटं बोला, मग एक प्रश्न, गणित नको, कल्पनेवरचा, चार पर्याय, आणि चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या गैरसमजांतून घेतलेले. मिनिट-दीड मिनिट प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, कोणाशी बोलायचं नाही, मग हात किंवा रंगीत कार्ड किंवा मोबाइलवर मत. साधारण तीस टक्क्यांपेक्षा कमी बरोबर आले तर चर्चा करून उपयोग नाही, तुम्हीच परत समजावा. सत्तरच्या वर आले तर थोडक्यात सांगून पुढे जा. मधले आले की मजा, ‘ज्याचं उत्तर वेगळं आहे असा शेजारी शोधा आणि त्याला पटवा’ एवढंच म्हणा आणि दोन-तीन मिनिटं वर्गात फिरत कान देऊन ऐका. मग परत मत घ्या, बहुतेक वेळा बरोबर उत्तरांकडे मोठी उडी दिसते. ठोकलेल्या बाकांना काही अडचण नाही, शेजारी तर असतोच.

एका तासात असे दोन प्रश्न पुरे. चांगला प्रश्न सुचायला वेळ लागतो, खरी मेहनत तिथेच आहे, म्हणून मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांतल्या चुका जपून ठेवा, चुकीचे पर्याय तिथून फुकट मिळतात.

प्रश्न : ट्रिगवेल-प्रॉसरची प्रश्नावली घ्यावी की प्रॅट यांची पाच दृष्टिकोनांची?

ट्रेनिंगला आलेल्यांना स्वतःबद्दल बोलतं करायचं असेल तर प्रॅट, कारण त्यात मास्तरकी (विषय पोचवणं), उमेदवारी (काम करता करता शिकवणं), विचार घडवणं, जोपासना, समाजबदल असे पाच वेगवेगळे रस्ते मानाने बसतात आणि कोणी नापास होत नाही. ट्रेनिंगच्या आधी-नंतरचा फरक बघायचा असेल तर ट्रिगवेल-प्रॉसरची. दोन्हींत ज्या कोर्सबद्दल उत्तरं द्यायची तो एकच कोर्स आधी ठरवून घ्या, कारण तोच माणूस पदवीच्या गर्दीत एक आणि छोट्या सेमिनारमध्ये दुसरा असतो, हेलसिंकीकडच्या संशोधकांनी ट्रिगवेल यांच्यासोबत २००६ मध्ये हेच दाखवलंय.

प्रश्न : खरं सांगू का मॅडम, आम्ही दोन दिवसांची कार्यशाळा घेतो, विषय ‘विद्यार्थीकेंद्री अध्यापन’, आणि दोन्ही दिवस पीपीटीवर लेक्चर देतो. सगळ्यांना हे कळतं, कोणी बोलत नाही. आमच्यासारख्यांनी कुठून सुरुवात करायची? (एक थकलेला प्रशिक्षक)

तुमचं पत्र सगळ्यात आवडलं. डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्येच शाळाशिक्षकांबद्दल म्हटलं होतं की शिक्षक व्हायच्या आधी हजारो तास आपण विद्यार्थी म्हणून शिक्षकांना बघण्यात घालवलेले असतात, आणि शिकवणं म्हणजे काय ते तिथेच मनात बसतं. पण विद्यार्थ्याला दिसतो तो फळ्यापुढचा माणूस, त्याने हा प्रश्न का निवडला, तिथे का थांबला हे दिसत नाही. तुमच्या कार्यशाळेला आलेला प्राध्यापकही दोन दिवस तेच परत बघून जातो. नेदरलँड्समध्ये लुनेनबर्ग, कोर्टहागेन आणि स्वेनेन यांनी २००७ मध्ये शिक्षक-प्रशिक्षकांचे वर्ग बघितले तर आपण हे आत्ता असं का केलं ते विद्यार्थी-शिक्षकांना उघड करून सांगणारे फार थोडे निघाले. म्हणजे चांगलं करणारेही कारण पोटातच ठेवतात.

आणि दोन दिवस कमीच आहेत. ग्रॅहम गिब्ज आणि मार्टिन कॉफी यांनी ८ देशांतली २२ विद्यापीठं घेऊन २००४ मध्ये जे दाखवलं त्यात ट्रेनिंग घेतलेले खरंच विद्यार्थ्यांकडे सरकले होते, पण ती ट्रेनिंगं महिनोन्महिने चाललेली होती. हेलसिंकी विद्यापीठातला पोस्टारेफ आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास तर तुमच्या वरिष्ठांच्या टेबलावर नेऊन ठेवा. परिणाम दिसायला निदान वर्षभराचं शिक्षण लागलं, आणि अगदी थोडं ट्रेनिंग घेतलेल्यांचा आत्मविश्वास काहीच न घेतलेल्यांपेक्षाही कमी निघाला! समजण्यासारखं आहे ते, जुनं डळमळीत झालं, नवं हातात आलं नाही.

तरीही दोनच दिवस मिळणार असतील तर ते मी प्रश्नपत्रिकेवर घालवेन. जॉन बिग्ज यांचं म्हणणं साधं आहे, मुलं परीक्षा बघून अभ्यास करतात, तेव्हा काय शिकायचं, वर्गात काय करायचं आणि परीक्षेत काय विचारायचं या तिन्हींचा मेळ हवा. वर्गात तुम्ही कितीही चर्चा घ्या, पेपरात ‘वैशिष्ट्ये लिहा’ आलं की चर्चा वाया. प्रत्येकाला आपली मागच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका आणि चार-पाच तपासलेल्या उत्तरपत्रिका घेऊन यायला सांगा, नावं झाकून. पहिल्या सत्रात तुम्ही काही बोलायचंच नाही, जोड्या लावून एकमेकांच्या पेपरातला प्रत्येक प्रश्न बघायचा, हा पाठांतरावर सुटतो का, सुटत असेल तर किती मार्कांचा. ही बेरीज फळ्यावर मांडली की खोली शांत होते, भाषण लागत नाही. दुपारी त्यातला एकच प्रश्न बदलायचा आणि तो बदलला तर त्या आठवड्याचा तास कसा बदलावा लागेल ते लिहायचं. मध्ये मध्ये तुम्ही थांबून सांगा, आत्ता मी तुम्हाला आधी एकट्याने लिहायला लावलं ते का, इथे उत्तर माहीत असून मी बोललो नाही ते का.

दुसऱ्या दिवशी मात्र लेक्चर द्या, तासभर, चांगलं, परीक्षेतले प्रश्न कसे बांधायचे यावर. तोवर त्यांच्याकडे विचारायला खरे प्रश्न जमलेले असतील. आणि सर्टिफिकेट त्या दिवशी वाटू नका, बदललेला प्रश्न प्रत्यक्ष परीक्षेत टाकून मुलांची उत्तरं परत घेऊन येतील तेव्हा द्या. किती जण परत येतात ते आम्हाला जरूर कळवा.